न आंबलेली द्राक्षे : दक्षिण साताऱ्याचे हवामान आणि वाइन

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्याचे नऊ पाक सांगितले आहेत. कडुनिंबापासून नारळापर्यंतच्या फळांच्या त्या यादीत मृद्वीकापाकाची, म्हणजे द्राक्षाच्या पाकाची, व्याख्या मोठी वेधक आहे. जी रचना आरंभी बेचव लागते आणि परिणामी स्वादु होते, ती मृद्वीकापाकाची. पुढे चौदाव्या शतकात वरंगळच्या काकतीय दरबारात विद्यानाथाने द्राक्षापाकाचा जो अर्थ लावला तो याहून वेगळा आहे. ज्या काव्याचा रस आतबाहेर स्फुरत असतो, ज्याला फोडावे लागत नाही, ते द्राक्षापाकाचे काव्य. आणि कठीण कवचाआड रस दडवून ठेवणारे ते नारिकेलपाकाचे. आपल्याकडे वर्गात शिकवला जातो तो बहुधा हा दुसरा अर्थ. राजशेखराने वेलीवरचे द्राक्ष डोळ्यांसमोर ठेवले असावे आणि विद्यानाथाने ताटातले, असे मला या दोन व्याख्या शेजारी ठेवल्या की वाटते. आंबट, तुरट, कठीण मणी काही आठवड्यांत पाणी धरतो, आम्ल सोडतो, साखर साठवतो. हा कालक्रम राजशेखराच्या व्याख्येत आहे, विद्यानाथाच्या व्याख्येत नाही. आणि हा कालक्रम म्हणजेच हवामान.

त्याच ग्रंथाच्या देशविभागाच्या अध्यायात राजशेखर कोणत्या प्रदेशात काय पिकते हेही सांगतो. तिथे द्राक्ष येते ते उत्तरापथाच्या यादीत, देवदार, केशर आणि घोड्यांच्या सोबतीने. दक्षिणापथाच्या वाट्याला ते नाही. संस्कृत साहित्यात हा भूगोल बऱ्याच अंशी स्थिर आहे. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूचे सैनिक द्राक्षांच्या मळ्यांत कातडी अंथरून मद्यपान करतात ते पारसिकांचा पराभव केल्यानंतर, त्यांच्याच भूमीवर. कौटिल्य द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हणतो आणि त्याचे कापिशायन व हारहूरक हे प्रकार सांगतो. त्यांपैकी कापिशायन हे नाव आजच्या अफगाणिस्तानातील कापिशी नगरीवरून आले आहे आणि त्या शब्दाची सिद्धी करण्यासाठी पाणिनीला स्वतंत्र सूत्र लिहावे लागले. थोडक्यात, द्राक्ष आणि त्याचे मद्य या वस्तू आपल्या वाङ्मयात वायव्येकडच्या, थंड आणि कोरड्या देशांच्या खुणा म्हणून येतात. कृष्णाकाठी द्राक्ष यावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

दख्खनमधील द्राक्षाची एक महत्त्वाची साक्ष इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाची आहे. महंमद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा तिच्याबरोबर द्राक्षही आले असे सांगितले जाते. ती दंतकथा बाजूला ठेवली तरी चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे पाहिली आणि तिथे ती वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद केली, एवढे निश्चित. प्रवाशाला ही सुबत्ता वाटली. परंतु ज्याला द्राक्ष पिकवायचे आहे, विशेषतः ज्याला त्याची वाइन करायची आहे, त्याच्या दृष्टीने सगळ्या अडचणीचे मूळ या एका वाक्यात आहे.

द्राक्षवेल ही झोपणारी वनस्पती आहे. युरोपात हिवाळा आला की ती पाने टाकते, तीन-चार महिने निद्रिस्त राहते आणि वसंतात एकदम जागी होते. सगळे डोळे एकाच वेळी फुटतात, उन्हाळ्यात मणी वाढतात आणि शरदात, दिवस लहान व रात्री थंड होत असताना, पिकतात. सांगलीच्या सतराव्या अक्षांशावर तिला झोपवणारी थंडीच पडत नाही. ती सदाहरित होते, जमेल तेव्हा फुटते, जमेल तेव्हा फळते. दख्खनच्या बागाईतदाराने यावर शोधलेला तोडगा म्हणजे दोन छाटण्या. एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर वेल खरडून काढायची, ती खरड छाटणी. तिच्यातून येतात त्या नुसत्या काड्या, फळ नव्हे. मग ऑक्टोबरच्या आसपास त्या काड्या मोजक्या डोळ्यांवर छाटायच्या, ती गोडी छाटणी. तिच्यातून फळ येते. ‘खरड’ आणि ‘गोडी’ ही नावे कोणा पारिभाषिक कोशकाराने दिलेली नाहीत, आणि तशी ती कोणाला सुचलीही नसती. निसर्ग वर्षाला दोन पिके देऊ पाहतो, माणूस त्यातले एक मारून दुसऱ्याला बळ देतो. ऑक्टोबरातही डोळे आपणहून एकसारखे फुटत नाहीत. त्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचा हात काडीवर फिरवावा लागतो. न पडलेल्या हिवाळ्याची भरपाई बाटलीतून करावी लागते ती अशी.

या उलट्या पंचांगाचा परिणाम वाइनवर कसा होतो याकडे पुढे येऊ. आधी ज्या प्रदेशाविषयी आपण बोलतो आहोत तो नीट पाहिला पाहिजे.

१९४९ पर्यंत तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. संस्थाने विलीन झाल्यावर त्या वर्षी सांगली, मिरज, जत या संस्थानांचा मुलूख आणि हे तालुके मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. मला या लेखापुरते जुने नाव अधिक सोयीचे वाटते, कारण हवामानाच्या दृष्टीने हा एकच उतार आहे. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकत गेले की शंभरेक किलोमीटरच्या आत माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात तो पाचशे-सहाशेच्या घरात येतो, कित्येक वर्षी त्याहूनही खाली. सह्याद्री पश्चिमेकडून आलेले ढग अडवतो आणि त्याच्या पाठीमागे पर्जन्यछाया पडते हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्या छायेत जगणे म्हणजे काय हे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने १९५५ मध्ये दाखवले. त्या कादंबरीत पाऊस हे पात्र आहे, आणि ते न येणारे पात्र आहे.

या छायेची आणखी एक खोड आहे, जी द्राक्षाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. जून-जुलैत या पूर्व भागावर ढग असतात, वारा असतो, पाऊस बेताचाच. त्याचा मोठा हिस्सा सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या वाटेवर, विजा-गडगडाटासह येतो. म्हणजे गोडी छाटणीच्या तोंडावर. ज्वारीला हा पाऊस वरदान आहे. रब्बीची पेरणी त्याच्यावरच होते. द्राक्षाला तो शाप आहे. एकाच पंधरवड्यातला एकच पाऊस बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे असे दोन अर्थ धारण करतो.

असे असूनही द्राक्ष इथे रुजले, कारण पावसाचा दुष्काळ हीच एका अर्थी त्याची गरज होती. पाणी मुळाशी हवे, पानांवर नको. विहिरी, पुढे ठिबक, आणि त्याही पुढे कृष्णेचे पाणी वर चढवणाऱ्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना यांनी मुळाची सोय केली. जिथे तीही झाली नाही तिथे टँकरने विकतचे पाणी घालून बागा जगवल्या गेल्या. कोरड्या हवेने पानांची सोय केली. पूर्वी महाराष्ट्रात भोकरी, फकडी, पंढरी साहेबी अशा बियांच्या जाती होत्या. १९६० च्या दशकात थॉम्पसन सीडलेस आली आणि चित्र पालटले. विल्यम थॉम्पसन या इंग्रज स्थलांतरिताने १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात लावलेली ही वेल म्हणजे मुळात इराण-तुर्कस्तानकडची किशमिशी सुलताना. म्हणजे राजशेखराच्या यादीतले उत्तरापथाचे फळ अमेरिकेला वळसा घालून तासगावात पोहोचले.

तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेतल्या थॉम्पसनमधून एक वेगळी फांदी हेरली आणि तिच्यापासून जी जात सिद्ध झाली तिचे नाव ‘तास-ए-गणेश’. या नावापाशी साहित्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. ‘तास’ हा तासगावचा, ‘गणेश’ तिथल्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या, दाक्षिणात्य धाटणीचे सात मजली गोपुर असलेल्या मंदिरातला, आणि मधला ‘ए’ हा फारसी इजाफत. हैदराबादच्या ‘अनाब-ए-शाही’च्या धर्तीवर हे नाव बेतले असावे. गणपतीच्या नावाला फारसी षष्ठी लागलेली मराठीत दुसरी कुठे मला आठवत नाही. द्राक्षाबरोबर त्याचे व्याकरणही प्रवास करून आले.

तासगावच्या या उभारीमागे एक विचारप्रवाहही होता, तो श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा. गणिताचे शिक्षक असलेल्या दाभोलकरांनी अल्पशिक्षित बागाईतदारांना वेलीकडे पाहून नोंद ठेवायला, पाने मोजायला, एका घडाला किती पाने पोसतात याचा हिशेब करायला शिकवले. विद्यापीठाच्या शिफारशींची वाट न पाहता प्रत्येकाने आपली बाग ही प्रयोगशाळा मानावी, हा त्यांचा आग्रह. १९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ आणि १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांचे कार्य मोठे आहेच. पण या भागातल्या माणसाच्या बोलण्यात आज ‘सूक्ष्मघडनिर्मिती’सारखा शब्द सहज येतो, त्यात त्या जुन्या शाळेचा वाटा आहे असे मी मानतो.

हा शब्द समजून घेतल्याशिवाय द्राक्षाचे आणि हवामानाचे नाते कळत नाही. ऑक्टोबरात जो घड दिसतो तो ऑक्टोबरात निर्माण होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, काडीवरच्या डोळ्याच्या आत पेशींचा निर्णय होतो : घड व्हायचे की बाळी. बाळी म्हणजे आधाराला वळसे घालणारा तंतू. घड आणि बाळी यांचे मूळ एकच. त्या दिवसांत लख्ख ऊन मिळाले तर घड होतो. आभाळ दाटलेले राहिले, पाऊस लागून राहिला, शेंडा नुसता वाढत राहिला, तर बाळी होते. म्हणजे वेलीचे नशीब मान्सूनच्या आगमनाआधीच्या काही आठवड्यांत ठरते आणि चार महिने ते कोणाला दिसत नाही.

पुढचा टप्पा छाटणीच्या तारखेचा. लवकर, सप्टेंबरात छाटली तर माल जानेवारीत, बाजारात पहिला, भाव चांगला. पण कोवळ्या फुटव्यावर परतीचा पाऊस. उशिरा, नोव्हेंबरात छाटली तर पावसातून सुटका. पण माल मार्च-एप्रिलच्या उन्हात आणि गारपिटीच्या तावडीत. फुलोऱ्यात पाऊस आला तर घड जिरतात, कुजतात, गळतात. ओल्या पानावर केवडा, म्हणजे डाउनी, एका रात्रीत पसरतो. ढगाळ, दमट पण कोरड्या पानावर भुरी. पिकत्या घडावर पाऊस पडला तर मण्यांना तडे जातात. बाग धरणारा माणूस कोणत्या पावसाशी जुगार खेळायचा एवढेच निवडू शकतो, न खेळण्याची मुभा त्याला नाही.

केवड्याच्या संदर्भात इतिहासाने केलेली एक थट्टा नोंदवण्यासारखी आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात या रोगाने थैमान घातले होते. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे वाटसरूंनी चोरू नयेत म्हणून तिथले बागवाले त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की या रंगवलेल्या वेली रोगातून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे ठेवले. आज तासगाव-मिरजेच्या कोणत्याही बागेत ‘बोर्डो’ हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. बोर्डो हे जगातल्या नामवंत वाइनचे गाव आहे, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध उरलेला नाही. बोर्डोहून कृष्णाकाठी पोहोचले ते मद्य नव्हे, निळे औषध.

मद्यही आणण्याचा प्रयत्न झाला. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन सुरू केली आणि परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली. २००० मध्ये नाशिकला सुलाची पहिली वाइन आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, वाइनला करांत सवलती दिल्या, आणि दोन वाइन पार्क आखले : एक निफाड तालुक्यात विंचूरला, दुसरा सांगली जिल्ह्यात पलूसला, ‘कृष्णा व्हॅली’ या नावाने. नाशिकची पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. पलूसचे तसे काही झाले नाही. विंचूरच्या मानाने तिथे फारच थोडे उभे राहिले आणि त्यातलेही थोडे टिकले.

का, या प्रश्नाचे सोपे उत्तर हवामान असे दिले जाते, आणि त्यात तथ्य आहेच. वाइनच्या द्राक्षात साखर, आम्ल आणि सुगंध या तिघांनी एकाच वेळी मुक्कामाला पोहोचावे लागते. युरोपात मणी पिकतो तो थंडीकडे जाणाऱ्या दिवसांत; दिवसाची ऊब साखर घडवते, रात्रीचा गारवा आम्ल राखतो. कृष्णाकाठी मणी पिकतो तो उन्हाळ्याकडे जाणाऱ्या दिवसांत. फेब्रुवारीच्या मध्यापासून पारा चढत जातो, मार्चमध्ये रात्रीही उबदार होतात. मण्यातले मॅलिक आम्ल जळून जाते, साखर धावत सुटते आणि सुगंध मागे राहतो. शिवाय फेब्रुवारीतला दिवस साडेअकरा तासांच्या आसपास, तर बोर्डोच्या उन्हाळ्यात तो पंधरा तासांचा. नाशिक तीन अंश उत्तरेला आहे. तिथल्या जानेवारीच्या रात्री खऱ्या अर्थाने थंड असतात, कधीकधी नको तितक्या. खाण्याच्या हिरव्या द्राक्षावर गुलाबी छटा येऊन माल नाकारला जातो तो त्या थंडीमुळेच. सांगलीला तेवढी थंडी क्वचित. राजशेखराच्या भाषेत सांगायचे तर इथला मृद्वीकापाक फार घाईने पूर्ण होतो.

तरीही हवामानावर सगळा भार टाकणे मला सोयीस्कर वाटते. उष्ण प्रदेशात चांगली वाइन होतच नाही असे नाही. लवकर खुडा, रात्रीचा खुडा, पानांची सावली, उष्णता सोसणाऱ्या जाती, थंड टाक्या यांनी बरेच साधता येते. सांगलीला लागूनच असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजच्या परिसरात, फ्रातेल्ली ही वाइनरी मोहिते-पाटील कुटुंब आणि इटालियन भागीदार यांनी २००७ च्या सुमारास सुरू केली आणि ती नावारूपाला आली. तिथले ऊन काही सांगलीहून सौम्य नाही. मात्र थंड टाक्यांना अखंड वीज लागते, आणि २००० च्या दशकाचा उत्तरार्ध हा महाराष्ट्रात भारनियमनाचा काळ होता. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप मंदावला, साठे पडून राहिले, अनेक वाइनरी कर्जात बुडाल्या आणि वाइनची द्राक्षे लावलेल्या शेतकऱ्यांची, मुख्यतः नाशिककडे, कोंडी झाली.

इथे माझ्या मते मूळ मुद्दा येतो. कॅबर्ने किंवा शिराझचा घड लहान मण्यांचा, जाड सालीचा, बियांचा. कारखान्याने तो घेतला नाही तर तो कुठेच जात नाही. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. थॉम्पसन किंवा तास-ए-गणेशला दोन दारे आहेत : भाव असेल तर खायला विका, नसेल तर वाळवा. ज्या प्रदेशात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत आभाळाकडे पाहून धोका मोजावा लागतो, तिथला शहाणा माणूस एकच दार असलेल्या घरात राहायला जात नाही. वाइनचे हवामान सांगलीला नव्हते हे खरे. त्याहून खरे हे की सांगलीच्या हवामानाने जी सावधगिरी शिकवली होती, तिला वाइनचा करार परवडणारा नव्हता.

दुसरे दार म्हणजे बेदाणा. ‘बे’ म्हणजे विना, ‘दाणा’ म्हणजे बी, हाही फारसीच. ज्या मार्चच्या उन्हाने वाइनचे आम्ल जाळले, तेच ऊन बेदाण्याचे भांडवल आहे. कवठेमहांकाळ तालुक्यातील नागजपासून सांगोल्याच्या जुनोनीकडे जाणाऱ्या माळावर बेदाण्याच्या शेडच्या रांगा लागलेल्या दिसतात. हा माळ निवडला गेला तो मातीसाठी नव्हे, वाऱ्यासाठी. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या पाण्यात घड बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचे मेण सैल होते. मग सावलीत, जाळीच्या कप्प्यांवर पसरतात. हवा कोरडी आणि वाहती असेल तर दोन आठवड्यांच्या आसपास माल तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. त्या दोन आठवड्यांत आभाळ आले तर तो काळा पडतो. तासगाव आणि सांगलीचे सौदे देशभर प्रसिद्ध आहेत आणि २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फ्रेंच लोक वाइनच्या संदर्भात ‘तेरुआर’ हा जो शब्द वापरतात, माती, उतार, वारा, माणसाची सवय या सगळ्यांचा मिळून होणारा गुण, तो इथे बाटलीत नाही तर बेदाण्याच्या खोक्यात उतरला.

या सगळ्यात समाजमनाचा भाग उरतोच. पलूसचा वाइन पार्क ज्या पंचक्रोशीत आहे तिचा इतिहास विसरून चालणार नाही. तिथून हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी, १९१० मध्ये औंध संस्थानात वसलेली. लोखंडी नांगर आणि पंप यांच्याबरोबरच ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके जिथून निघाली ते गाव. दुसरीकडे कुंडल, १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे केंद्र. त्या प्रतिसरकारने सावकारीबरोबर दारूलाही हात घातला होता. गावोगाव दारूबंदी हा त्याच्या कामाचा भाग होता. त्याच शिवारात साठ वर्षांनी शासनाने वाइनसाठी भूखंड आखले, तेव्हा कागदोपत्री ती अन्नप्रक्रिया होती. गावाच्या जिभेवर तिचे नाव दारूच होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या भाषेतही दोहोंत फारसे अंतर नव्हते.

मराठीला या वस्तूसाठी कधी आपला शब्द मिळालाच नाही. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी ‘द्राक्षारस’ आणि ‘द्राक्षमळा’ असे शब्द रूढ केले. पैकी पहिल्याने आंबण्याची क्रिया लपवली आणि दुसरा शेतकऱ्याने कधी स्वीकारला नाही, तो ‘बाग’च म्हणत राहिला. वैद्यांचे ‘द्राक्षासव’ औषधाच्या बाटलीतून बाहेर आले नाही. माधव जूलियनांनी १९२९ मध्ये मूळ फारसीवरून उमर खय्यामच्या रुबाया आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून ‘द्राक्षकन्या’ मराठीत आणली. फारसी-मराठी कोश रचणारा हा कवी कोल्हापुरात, म्हणजे आजच्या द्राक्षपट्ट्यापासून काही तासांच्या अंतरावर, अध्यापन करत होता. पण त्याच्या कवितेतली वेल निशापूरचीच राहिली. कृष्णाकाठच्या वेलीने मराठी साहित्यात अजून नीट प्रवेश केलेला नाही. ज्वारी, ऊस, कापूस यांच्याभोवती आपली ग्रामीण कादंबरी उभी आहे; द्राक्षबागेतला छाटणीच्या आदल्या रात्रीचा माणूस माझ्या वाचनात तरी कोणी लिहिलेला नाही.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत वाइन विकण्यास मान्यता देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू की नव्हे हा शब्दार्थाचा वाद काही आठवडे राज्यभर चालला. शेतकऱ्याच्या नावाने निर्णय झाला, स्त्रियांच्या आणि तरुणांच्या नावाने विरोध झाला, आणि तो निर्णय अमलात आला नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने बळ होते हे दाभोलकरांच्या घराण्याकडे पाहिले तरी कळते. श्री. अ. दाभोलकरांनी तासगावच्या द्राक्षाला बुद्धी दिली. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाबरोबरच साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. मला यात विरोध दिसत नाही. एकाने वेलीकडे पाहिले, दुसऱ्याने पेल्याकडे. आणि त्या जिल्ह्याने दोघांचेही ऐकले.

दरम्यान हवामानाने आपला स्वभावच बदलायला घेतला आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस, फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपीट, ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यासह कृष्णाकाठ बुडवणारा महापूर आणि त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेला पाऊस. पूर्वी दहा वर्षांतून एकदा येणारे संकट आता बागेच्या हिशेबवहीत दरवर्षीचा रकाना होऊन बसले आहे. काहींनी बागांवर प्लास्टिकचे आच्छादन घातले. त्याचा खर्च लहान बागाईतदाराला पेलत नाही. काहींनी बागा काढून ऊस लावला.

२०२५ मध्ये मान्सून मेच्या अखेरीसच महाराष्ट्रात आला, आणि त्याआधीही मेभर अवकाळी पाऊस पडत राहिला. तो पडला नेमका डोळ्यात घड की बाळी हे ठरण्याच्या दिवसांत. अशा वर्षी गोडी छाटणीआधी बागेतल्या निवडक काड्या कापून तपासणीला नेतात. डोळा उभा चिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात; आत घड आहे का, कितव्या डोळ्यात आहे, हे कागदावर लिहून मिळते, आणि त्या आकड्यावर काडी कुठे कापायची ते ठरते.